ठराव वाचून मगच हात वर करावा : सातारा व सांगलीच्या आमदारांना खुले पत्र

प्रति,
सातारा व सांगली जिल्ह्यांतून महाराष्ट्र विधानमंडळावर निवडून गेलेले सर्व सन्माननीय सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

मी तासगाव तालुक्यातील एका विकास सोसायटीचा निवृत्त गटसचिव आहे. पीककर्जाची कमाल मर्यादा पत्रके, वसुली, लेखापरीक्षणातील दोषदुरुस्ती आणि वार्षिक सभांची इतिवृत्ते यांत माझी सत्तावीस वर्षे गेली. हे पत्र राज्यघटनेच्या दुरुस्तीविषयी आहे आणि त्यात आपल्याकडे एक मागणी आहे. घटनेतील काही तरतुदी बदलण्यासाठी संसदेची मंजुरी पुरत नाही, राज्यांच्या विधानमंडळांचे अनुसमर्थनही, म्हणजे त्या बदलाला मान्यता देणारे ठरावही, लागतात. असा अनुसमर्थनाचा ठराव मुंबईला किंवा नागपूरला आपल्यापुढे येईल, तेव्हा तो लोकांसमोर ठेवल्याशिवाय आणि पूर्ण वाचल्याशिवाय मंजूर करू नये, एवढीच ती मागणी आहे. तिच्यामागची कारणे मात्र थोडी विस्ताराने मांडावी लागतील.

आमच्या सोसायटीत पोटनियम दुरुस्त करायचा असला, तर सभेच्या चौदा दिवस आधी नोटीस निघत असे. नोटिशीला तीन रकान्यांचा तक्ता जोडलेला असे: पहिल्या रकान्यात सध्याचा पोटनियम, दुसऱ्यात सुचवलेली दुरुस्ती, तिसऱ्यात दुरुस्तीचे कारण. शिपाई वस्त्यांवर फिरून नोटीस पोहोचल्याच्या सह्या घेई आणि एक प्रत सोसायटीच्या फलकावर लागे. सभेत मी दोन्ही मजकूर सावकाश वाचून दाखवत असे आणि हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांश सभासदांनी मान्यता दिली, तरच ठराव निबंधक कार्यालयाकडे मंजुरीला जाई. एका वर्षी एका वृद्ध द्राक्षबागायतदाराने वाचन मध्येच थांबवले. जुन्या मजकुरात ‘किंवा’ होते, तिथे नव्यात ‘आणि’ का आले, असे त्यांनी विचारले. त्या एका शब्दाने कर्जाला पात्र होण्यासाठी एकाऐवजी दोन अटी पुऱ्या कराव्या लागणार होत्या, हे तोवर कोणाच्याच लक्षात आले नव्हते, माझ्याही नाही. पाऊण तास चर्चा झाली आणि ठराव पुढच्या सभेवर गेला. त्या दिवशी सोसायटीचे काहीही अडले नाही.

चारपाचशे सभासदांच्या संस्थेत एक शब्द बदलण्यासाठी एवढी शिस्त पाळली जाते. बारा कोटींहून अधिक लोकांच्या राज्याचे अधिकार ज्या मजकुराने कमीजास्त होतात, तो मजकूर बदलताना त्याहून कमी शिस्त का असावी, हा माझा प्रश्न आहे.

आपणांस घटनेचा अनुच्छेद ३६८ ठाऊक असणारच. परंतु खुले पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी तो थोडक्यात सांगणे भाग आहे. घटना बदलण्याच्या वाटा तीन आहेत. काही तरतुदी संसदेत साध्या कायद्याप्रमाणे साध्या बहुमताने बदलतात, जसे नवे राज्य निर्माण करणे किंवा राज्याच्या सीमा बदलणे. अनुच्छेद ३ अन्वये संबंधित राज्याच्या विधानमंडळाचे मत मागवावे लागते, पण त्याची संमती लागत नाही. १ मे १९६० रोजी आपले राज्य अस्तित्वात आले, ते याच वाटेने. बहुतेक तरतुदींना दुसरी वाट लागू होते: दोन्ही सभागृहांत स्वतंत्रपणे, एकूण सदस्यसंख्येचे बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांपैकी किमान दोन-तृतीयांश बहुमत. सभागृहांत मतभेद झाला तरी येथे संयुक्त बैठकीची सोय नाही. तिसरी वाट त्या अनुच्छेदाच्या परंतुकात, म्हणजे ‘परंतु’ने सुरू होणाऱ्या पुरवणी अटीत, सांगितली आहे. राष्ट्रपतींची निवडणूक, केंद्र व राज्यांच्या कार्यकारी अधिकारांची व्याप्ती, सर्वोच्च व उच्च न्यायालये, कायदे करण्याच्या अधिकारांची वाटणी, सातव्या अनुसूचीतील केंद्र, राज्य व समवर्ती या विषयांच्या तिन्ही सूची, संसदेतील राज्यांचे प्रतिनिधित्व, वस्तू व सेवा कर परिषद आणि खुद्द अनुच्छेद ३६८, यांपैकी कशातही बदल करायचा असेल, तर संसदेने विधेयक मंजूर केल्यावरही निम्म्या राज्यांच्या विधानमंडळांनी अनुसमर्थनाचे ठराव केल्याशिवाय ते राष्ट्रपतींच्या सहीसाठी पाठवता येत नाही. आज अठ्ठावीस राज्ये आहेत, म्हणजे चौदा ठराव लागतात.

ही विभागणी घटनाकारांनी जाणीवपूर्वक केली. १७ सप्टेंबर १९४९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घटना समितीत या तीन वर्गांचा खुलासा केला होता. सगळीच घटना सहज बदलता येऊ नये आणि सगळीच गोठूनही राहू नये, असा त्यामागचा विचार होता. ज्यांनी हा अनुच्छेद सभागृहात मांडला, त्यांचे नाव ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेच्या पटावर लागले होते आणि तो दिवस आता राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्या दिवशीच्या भाषणांमध्ये या परंतुकाचाही कधी उल्लेख व्हावा, असे मला मनापासून वाटते.

आता माझ्या स्वतःच्या क्षेत्राविषयी. सहकारी संस्था हा विषय राज्य सूचीतील ३२व्या नोंदीत आहे, म्हणजे त्याविषयी कायदा करण्याचा अधिकार राज्याचा. डिसेंबर २०११ मध्ये संसदेने सत्त्याण्णवावी घटनादुरुस्ती मंजूर केली आणि ती १५ फेब्रुवारी २०१२ पासून लागू झाली. तिच्यातील दोन गोष्टी स्वागतार्ह होत्या आणि आजही टिकून आहेत: सहकारी संस्था स्थापन करणे हा मूलभूत हक्क झाला आणि सहकाराला प्रोत्साहन देणे हे राज्याचे मार्गदर्शक तत्त्व झाले. परंतु तिसरा, सर्वांत मोठा भाग वेगळ्या जातीचा होता. घटनेत नऊ-ख नावाचा भाग घालून त्यात संचालकांची संख्या एकवीसपेक्षा जास्त नको, मुदत पाच वर्षे, निवडणुका स्वतंत्र यंत्रणेमार्फत, वार्षिक सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, असे बारीकसारीक नियम लिहिले गेले आणि राज्यांनी एका वर्षाच्या आत आपले कायदे त्याप्रमाणे बदलावेत असे बंधन आले. राज्य सूचीतील विषयावर राज्याने कसा कायदा करायचा हे घटनेतच ठरवले जात होते, आणि तरीही हे विधेयक अनुसमर्थनासाठी राज्यांकडे पाठवले गेले नाही.

मुदत संपत आली तेव्हा, फेब्रुवारी २०१३ मध्ये, महाराष्ट्राने अध्यादेश काढून १९६० चा सहकार कायदा बदलला. त्यानंतरचे वर्ष मला चांगले आठवते. नवे आदर्श पोटनियम आले, ते प्रत्येक सोसायटीने स्वीकारायचे होते. क्रियाशील आणि अक्रियाशील सभासदांच्या याद्या करायच्या होत्या. रात्री कार्यालयात दिवा लावून मी तीन रकान्यांचे तक्ते भरत होतो, पण या वेळी तिसरा रकाना अवघड जात होता. ‘दुरुस्तीचे कारण’ या शीर्षकाखाली प्रत्येक ओळीत एकच उत्तर लिहावे लागत होते: घटनादुरुस्तीनुसार. सभेत एका सभासदाने विचारले, “हे आपल्याला कोणी विचारलं होतं का?” मी इतिवृत्तात प्रश्न लिहिला. उत्तराच्या जागी लिहायला माझ्याकडे काही नव्हते.

नियम वाईट होते असे मी म्हणत नाही. वेळेवर निवडणुका आणि वेळेवर लेखापरीक्षण यांची आमच्या भागातील संस्थांना गरजच होती आणि त्यातील काही गोष्टींचा मी स्वतः आग्रह धरत आलो होतो. मुद्दा संमतीचा आहे. एप्रिल २०१३ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने हा भाग अवैध ठरवला आणि २० जुलै २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय बहुतांशी कायम केला. राज्य सूचीतील विषयाला हात घालणारी दुरुस्ती निम्म्या राज्यांच्या अनुसमर्थनाशिवाय टिकत नाही, या मुद्द्यावर तिन्ही न्यायमूर्तींचे एकमत होते. तो भाग एकाहून अधिक राज्यांत काम करणाऱ्या बहुराज्य संस्थांपुरता शिल्लक ठेवावा की नाही, एवढ्यावर दोन विरुद्ध एक असा निकाल झाला आणि तेवढ्यापुरता तो शिल्लक राहिला. महाराष्ट्राने स्वतः केलेला कायदा मात्र उभा राहिला, कारण तो करण्याचा अधिकार मुळात महाराष्ट्राचाच होता.

२०१२ ते २०२१ अशी नऊ वर्षे या देशात घटनेचा एक संपूर्ण भाग पुस्तकात छापलेला होता, पण कायद्याच्या कसोटीवर तो उभा नव्हता. आणि हे पहिल्यांदा घडले असेही नाही. १९८५ च्या बावन्नाव्या दुरुस्तीने पक्षांतरबंदीची दहावी अनुसूची आली, तिच्या सातव्या परिच्छेदाने न्यायालयांना दार बंद केले होते. १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो परिच्छेद याच कारणासाठी रद्द केला: न्यायालयांच्या अधिकारांना धक्का बसत होता आणि राज्यांचे अनुसमर्थन घेतलेले नव्हते. सहकाराच्या विधेयकाच्या वेळी हा दाखला जवळजवळ वीस वर्षे जुना होता. आपल्या दोन जिल्ह्यांत सहकारी साखर कारखाना, दूध संघ, बँक किंवा सोसायटी यांच्याशी नाते नाही असे घर शोधावे लागेल. देशात कुठल्या विधानमंडळाने ‘हा विषय आमचा आहे, आम्हांला विचारा’ असे त्या वेळी खडसावून विचारायला हवे होते, तर ते आपल्या विधानमंडळाने.

ज्या वेळी अनुसमर्थन रीतसर घेतले गेले, त्या वेळचे काय? वस्तू व सेवा कराची एकशे एकावी घटनादुरुस्ती राज्यसभेने ३ ऑगस्ट २०१६ रोजी आणि लोकसभेने ८ ऑगस्ट २०१६ रोजी मंजूर केली. महाराष्ट्र विधानमंडळाने २९ ऑगस्टला एका दिवसाच्या विशेष अधिवेशनात अनुसमर्थनाचा ठराव केला. ८ सप्टेंबरला राष्ट्रपतींची सही झाली. म्हणजे संसदेच्या मंजुरीपासून राष्ट्रपतींच्या सहीपर्यंत बरोबर एक महिना. या दुरुस्तीने जकातीचा अधिकार देणारी राज्य सूचीतील ५२वी नोंद वगळली गेली, विक्रीकराचा अधिकार काही मोजक्या वस्तूंपुरता उरला आणि कराचे दर सुचवण्याचे काम नव्या परिषदेकडे गेले. या परिषदेत एकूण मतभारापैकी एक-तृतीयांश केंद्राचा आणि दोन-तृतीयांश सर्व राज्यांचा मिळून, आणि निर्णयाला तीन-चतुर्थांश मतभार लागतो. म्हणजे केंद्राला नको असलेली गोष्ट सगळी राज्ये एकत्र आली तरी तिथे होत नाही. परिषदेच्या शिफारशी राज्यांवर बंधनकारक नाहीत असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये सांगितले खरे, पण व्यवहारात परिषदेने ठरवलेला दरच सर्वत्र चालतो.

मी या कराच्या विरोधात नाही. जकात नाक्यावर मालमोटारींच्या रांगा मी पाहिल्या आहेत. परंतु माझ्या तालुक्यात बेदाणा होतो. द्राक्षे शेडमधील जाळ्यांवर वाळवून, निवडून, पेट्या भरून शेतकरी तो शीतगृहात ठेवतो आणि सौद्यात विकतो. वाळवलेले द्राक्ष हा शेतमाल की प्रक्रिया केलेला माल, या प्रश्नाचे उत्तर करकायद्यात लगेच मिळाले नाही. शेतकऱ्याने स्वतः विकलेल्या बेदाण्यावर हा कर लागत नाही, हा खुलासा परिषदेच्या जैसलमेरला झालेल्या ५५व्या बैठकीत, डिसेंबर २०२४ मध्ये झाला. कर लागू झाला होता १ जुलै २०१७ ला. पूर्वी हाच प्रश्न घेऊन शेतकरी आपल्या आमदाराकडे आणि आमदार राज्याच्या अर्थमंत्र्यांकडे जाऊ शकत होता, कारण विक्रीकर राज्याचा होता. २९ ऑगस्ट २०१६ ला विधानमंडळाने हा रस्ता स्वतःच्या हाताने दुसरीकडे वळवला. वळवू नये असे नव्हे. पण त्याआधी ऑगस्टच्या त्या तीन आठवड्यांत तासगावच्या बेदाणा उत्पादकांना आणि सांगलीच्या हळद व्यापाऱ्यांना, तुमच्या मालाचे यात काय होईल, असे विचारायला एक बैठक पुरली असती.

शिक्षणाचेही असेच झाले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्थेचा पाया घातला. पुढे घटनेने शिक्षण हा विषय राज्यांकडे दिला. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने शिक्षण आणि वने हे विषय राज्य सूचीतून, केंद्र व राज्य दोघांनाही कायदा करता येतो अशा समवर्ती सूचीत नेले. त्या दुरुस्तीलाही निम्म्याहून अधिक विधानमंडळांनी अनुसमर्थन दिले होते. देशात आणीबाणी होती, विरोधी पक्षांचे अनेक नेते तुरुंगात होते आणि वृत्तपत्रांवर बंधने होती. आणीबाणीनंतर त्या दुरुस्तीतील बऱ्याच गोष्टी मागे घेतल्या गेल्या, हे दोन विषय मात्र राज्यांकडे परत आले नाहीत.

अनुसमर्थन न लागणाऱ्या दुरुस्त्यांविषयी एक उदाहरण द्यायलाच हवे, कारण त्याची झळ आपल्या दोन्ही जिल्ह्यांतील घराघरांत पोहोचली. ऑगस्ट २०१८ मध्ये एकशे दोनावी घटनादुरुस्ती आली. राष्ट्रीय मागासवर्ग आयोगाला घटनात्मक दर्जा देणे हा तिचा गाजलेला भाग होता. तिच्यातच सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्गांची यादी राष्ट्रपतींनी अधिसूचित करण्याविषयीचा मजकूर होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्राने मराठा आरक्षणाचा कायदा केला. ५ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला, तो मुख्यतः पन्नास टक्क्यांच्या मर्यादेमुळे. परंतु त्याच निकालात तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने असेही ठरले की, एकशे दोनाव्या दुरुस्तीनंतर मागास वर्ग ठरवण्याचा राज्यांचा अधिकार राहिलेला नाही. संसदेचा तसा हेतू नव्हता असे केंद्र सरकारचे म्हणणे होते. न्यायालयाने मात्र बहुमताने, दुरुस्तीत लिहिलेल्या शब्दांचाच अर्थ लावला. ऑगस्ट २०२१ मध्ये एकशे पाचावी दुरुस्ती करून राज्यांना तो अधिकार परत द्यावा लागला. एकशे दोनाव्या दुरुस्तीला राज्यांच्या अनुसमर्थनाची गरज नव्हती, असेच न्यायालयाने मानले. तरीही २०१८ मध्ये विधेयक संसदेत असताना आपल्या विधानमंडळाने त्याचा मसुदा ओळीने वाचला असता, तर ‘आमचा अधिकार यात जातो की राहतो, ते स्पष्ट लिहा’ असे कळवता आले असते. आमच्या सोसायटीतील ‘किंवा’ आणि ‘आणि’ची मला इथे आठवण होते.

इतर संघराज्यांत हे कसे चालते, हे पाहिले तर आपली वाट मध्यम आहे असे दिसते. अमेरिकेत पन्नासपैकी अडतीस राज्यांचे अनुसमर्थन लागते. तिथे काँग्रेस सदस्यांच्या वेतनासंबंधीची सत्ताविसावी दुरुस्ती १७८९ मध्ये प्रस्तावित झाली आणि १९९२ मध्ये पूर्ण झाली. इतकी कठीण वाट मला आपल्या देशासाठी नको वाटते, कारण तिथे मूठभर राज्ये सर्वांना कायमचे अडवू शकतात. जर्मनीत राज्यांचे सभागृह असलेल्या बुंडेसराटचे दोन-तृतीयांश बहुमत लागते आणि देशाची राज्यांत असलेली रचना तर दुरुस्तीच्या पलीकडेच ठेवली आहे.

ऑस्ट्रेलियाची पद्धत मला सर्वांत शिकण्यासारखी वाटते. तिथे घटनादुरुस्तीवर सार्वमत होते. देशात एकूण बहुमत हवे आणि सहापैकी किमान चार राज्यांतही बहुमत हवे. १९०१ पासून पंचेचाळीस प्रस्ताव लोकांपुढे गेले, आठच मंजूर झाले. १९७७ मध्ये संसदेच्या दोन्ही सभागृहांच्या निवडणुका एकाच वेळी घ्याव्यात हा प्रस्ताव होता. देशभरातील बासष्ट टक्के मतदारांनी होकार दिला, पण बहुमत तीनच राज्यांत झाले आणि प्रस्ताव पडला. संख्येपेक्षा मला तिथली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते: सार्वमताआधी एक अधिकृत पुस्तिका मतदारांच्या घरी पोहोचते. तिच्यात प्रस्तावाच्या बाजूचे आणि विरोधातले म्हणणे, प्रत्येकी दोन हजार शब्दांपर्यंत, शेजारी शेजारी छापलेले असते आणि घटनेत नेमका कोणता मजकूर बदलणार तेही दिलेले असते. आमच्या नोटिशीचे तीन रकाने आणि ही पुस्तिका यांची जात एकच आहे.

आणि कॅनडातील एक प्रसंग आपणांपैकी प्रत्येकाने लक्षात ठेवावा असा आहे. मीच लेक करार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या घटनादुरुस्तीला २३ जून १९९० पर्यंत सर्व दहा प्रांतांची मंजुरी लागत होती. मॅनिटोबा प्रांताच्या विधानसभेत वेळ कमी उरला, म्हणून पूर्वसूचनेचा नियम बाजूला ठेवून ठराव घेण्यासाठी सर्व सदस्यांची एकमुखी संमती मागण्यात आली. एलिजा हार्पर हे तिथल्या मूळ रहिवासी समाजातून आलेले आमदार. करार ठरवताना त्यांच्या समाजाला कोणी विचारले नव्हते. हातात गरुडाचे पीस धरून त्यांनी ‘नाही’ म्हटले, आणि पुढचे दिवसही तेच उत्तर दिले. मुदत संपली आणि करार बारगळला. करार चांगला होता की वाईट, यावर कॅनडात अजून वाद आहे. पण एका प्रांताच्या एका आमदाराने केवळ नियमाप्रमाणे नोटीस मागितली आणि सगळ्या देशाला त्याचे म्हणणे ऐकावे लागले, हे खरे आहे.

आपल्याकडे अनुच्छेद ३६८ मध्ये अनुसमर्थनासाठी कोणतीही कालमर्यादा घातलेली नाही. म्हणून एका दिवसात ठराव उरकण्याची सक्ती आपल्यावर कोणीही केलेली नाही. ठरावाचा मजकूर आपणांस बदलता येत नाही, होकार किंवा नकार एवढेच हाती असते, हे मला माहीत आहे. एका महाराष्ट्राने थांबून काय होणार, इतर चौदा राज्ये आहेतच, असेही कोणी म्हणेल. चौदांची गणती पुरी होईलही. परंतु महाराष्ट्राने कोणते प्रश्न उपस्थित केले, कोणत्या शब्दाला हरकत घेतली, हे कामकाजात नोंदले गेले, तर उद्या न्यायालयात, परिषदेत किंवा पुढच्या दुरुस्तीच्या वेळी ती नोंद उपयोगी पडते. नोंदच नसेल, तर आपण विचार केला होता हे तरी कसे सिद्ध करायचे?

हा विषय मी आत्ताच काढण्याचे कारणही सांगतो. १७ डिसेंबर २०२४ रोजी लोकसभेत एकशे एकोणतिसावे घटनादुरुस्ती विधेयक मांडले गेले आणि ते संयुक्त समितीकडे गेले. लोकसभा आणि विधानसभा यांच्या निवडणुका एकत्र घेण्याविषयीचे ते विधेयक विधानसभांच्या मुदतीच्या अनुच्छेद १७२ मध्येही बदल सुचवते. माजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या मते एवढ्या भागाला राज्यांचे अनुसमर्थन लागत नाही, पण ग्रामपंचायती व नगरपालिकांच्या निवडणुका त्याला जोडायच्या असतील, तर लागते. लोकसभेच्या जागांची राज्यांमधील फेरवाटणी २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेशी बांधलेली आहे, तोही प्रश्न दाराशी आहे. या विषयांवर आपण बाजूने मत द्यावे की विरोधात, ते मी सांगणार नाही. त्यावर माझ्या घरातही एकमत नाही. विधानसभेची मुदत ज्याने बदलू शकते, त्या विधेयकावर विधानसभेत सविस्तर चर्चा व्हायला हवी, मग अनुसमर्थन लागो वा न लागो, एवढे मात्र मी ठामपणे म्हणतो.

म्हणून दोन्ही जिल्ह्यांतील सोळा विधानसभा सदस्यांना आणि विधान परिषदेतील सदस्यांना माझी विनंती अशी आहे. अनुसमर्थनाचा कोणताही ठराव सभागृहात येण्याआधी किमान तीस दिवस मूळ मजकूर, दुरुस्तीनंतरचा मजकूर आणि कारण हे मराठीत, शेजारी शेजारी छापून विधानमंडळाने प्रसिद्ध करावे आणि त्याच्या प्रती तालुक्याच्या ग्रंथालयांत व ग्रामपंचायतींत ठेवाव्यात, अशी सुधारणा आपण नियम समितीकडे मागावी. ठराव दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे जावा आणि समितीने ज्यांच्यावर परिणाम होणार आहे त्यांना बोलावून ऐकावे. आवाजी मतदानाऐवजी मतविभागणी मागावी, म्हणजे कोणी काय मत दिले ते नावानिशी राहील. अशा ठरावावर सरकार टिकणे वा पडणे अवलंबून नसते, म्हणून आपापल्या पक्षाकडे पक्षादेश (व्हिप) न काढण्याचा आग्रह धरावा. आणि त्या तीस दिवसांत प्रत्येकाने आपल्या मतदारसंघात एक तरी सभा घ्यावी. यातील शेवटच्या गोष्टीसाठी कोणताही नियम बदलावा लागत नाही, तिची सुरुवात आपण या वर्षीच करू शकता.

हे आपल्या मुलखाला परके नाही. औंधच्या राजेसाहेबांनी, भवानराव पंतप्रतिनिधींनी, १९३९ मध्ये महात्मा गांधींच्या सल्ल्याने आपले अधिकार प्रजेच्या हाती देणारे संविधान लागू केले, तेव्हा त्या कारभाराचा पाया गावच्या पंचायतीत ठेवला होता. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे, आटपाडी आणि कुंडल सांगलीत. त्या गावांतील शेतकऱ्यांनी देश स्वतंत्र होण्याआधी आठ वर्षे आपापल्या पंचायती निवडून आपला कारभार चालवला आहे. त्यांच्या नातवंडांना सातव्या अनुसूचीतील एक नोंद समजावून सांगणे अवघड जाणार नाही.

सप्टेंबरअखेर आमच्या सोसायटीची वार्षिक सभा असते. सभा संपल्यावर त्याच मंडपात, आपल्यापैकी जे येऊ शकतील त्यांच्यासाठी, तासभर वेळ ठेवण्यास चेअरमन व संचालक मंडळाने संमती दिली आहे. पत्रासोबत पोटनियम दुरुस्तीच्या नोटिशीचा कोरा नमुना जोडला आहे. त्यातील तिसऱ्या रकान्याची रुंदी मी मुद्दाम वाढवून घेतली आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त गटसचिव
ता. तासगाव, जि. सांगली